तीन दप्तरांतला एक माणूस : फौज, शाळा आणि ग्रामपंचायतीत गेलेलं आयुष्य कसं नोंदवायचं

खटाव तालुक्यातल्या एका नातीचा प्रश्न आहे. आजोबा ८८ वर्षांचे. १९५६ साली स्कूल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून लागले, चीनच्या लढाईनंतर फौजेत गेले, ७१ च्या लढाईनंतर परत येऊन पुन्हा मास्तरकी केली, १९९५ ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सरपंच. फौजेची पेन्शन नाही. हल्ली विसरतात, तेच तेच सांगतात. त्यांच्या हयातीत छोटं पुस्तक व्हावं अशी इच्छा आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलंय, पण काही हाती लागत नाही. सुरुवात कुठून करायची?

रेकॉर्डिंग महिनाभर बंद ठेवा. नुसतं "आजोबा, सांगा ना" म्हटलं की माणूस पाठ झालेल्या आठ-दहा गोष्टीच सांगतो, कारण त्या त्याने चाळीस वर्षं सांगितलेल्या असतात. नवं काही निघायचं तर प्रश्न नेमका लागतो, आणि नेमका प्रश्न कागदांतून सुचतो. फौज, शाळा आणि ग्रामपंचायत या तिन्हींची दप्तरं वेगळी, त्यांची भाषा वेगळी, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथेच विचारायचं.

एक दोनशे पानी वही घ्या. दर सालाला दोन समोरासमोरची पानं, १९३७ पासून आजपर्यंत. डाव्या पानावर कागद काय म्हणतो ते, आणि कोणता कागद तेही. उजव्या पानावर आजोबा काय म्हणतात, आणि वेगळ्या शाईने आजी, चुलते, शेजारी काय म्हणतात. दोन पानांत मेळ घालायचा मोह आवरा. खोडायचं काही नाही.

पहिली गफलत जन्मतारखेची. कागदावर १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख आहे. निवृत्ती मात्र तिच्यावरच ठरते: महिन्याच्या १ तारखेला जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस सेवा संपते, म्हणून १ जून १९३७ वाला शिक्षक अठ्ठावन्न पूर्ण करून ३१ मे १९९५ ला निवृत्त होतो. खरी तारीख शोधायची असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. तिथे मुलाचं नाव बहुतेक नसतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच. त्या काळच्या नोंदी मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या. घरात तिथी सांगत असतील तर शकात ७८ मिळवा (पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९) आणि त्या सालच्या पंचांगाशी ताडून पाहा. पुस्तकात दोन्ही तारखा द्या. सरकारी कागदाच्या उल्लेखात सरकारी, बाकी ठिकाणी घरची.

जिल्ह्याच्या नावानेही गोंधळ होतो. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिणेला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्यामुळे १९५६ च्या नेमणुकीच्या हुकमावर 'उत्तर सातारा' दिसलं तर ते वेगळं ठिकाण नाही. शिवाय औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थानं १९४८ पर्यंत होती आणि औंधचं आटपाडी तर आज सांगलीत आहे. गाव खालसात (थेट इंग्रजी अमलात) होतं की संस्थानात, हे आधी विचारा. औंध संस्थानातलं असेल तर लहानपणच्या शाळेची आणि जमिनीची जुनी दप्तरं वेगळी निघतात.

आता साल आठवण्याबद्दल. "कोणत्या साली?" हा प्रश्न विचारूच नका, म्हातारा माणूस गांगरतो आणि काहीतरी ठोकून देतो. त्याच्या डोक्यात खुणेचे दगड आधीच रोवलेले असतात, ते वापरा. आपल्या भागातले पक्के दगड हे: पत्री सरकारचा काळ (१९४३ ते ४६), अठ्ठेचाळीसचं, गांधीहत्येनंतरचं जळीत, १ मे १९६०, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ ची पहाट), बहात्तरचा दुष्काळ. "भूकंप झाला तेव्हा तुम्ही घरी होता का पलटणीत?" या एका प्रश्नाने दोन-तीन वर्षांचा घोळ सुटतो. दुष्काळात वाटलेल्या खाण्याबद्दल "सुकडी खाल्ली का वाटली?" असं विचारा. खाणारा, वाटणारा आणि हजेरी मांडणारा यांच्या जागा वेगळ्या, आणि शिक्षकांना तेव्हा बरीच जादा कामं लागत. हंगामाला जत्रा धरा: पालीचा खंडोबा आणि मांढरदेव पौषात, शिखर शिंगणापूर चैत्रात, म्हसवडचा रथ मार्गशीर्षात. जवानाची सुटी पुष्कळदा जत्रेला जोडून असायची.

जळिताबद्दल विचारताना जपून. ते साल ठरवायला उपयोगी, पण घरं कोणाची जळली आणि कोण होतं, हे निघालं तर नावं छापायची नाहीत. पत्री सरकारबद्दलही जपून, पण तिथे भीती लपवण्याची नव्हे, फुगवून सांगण्याची. १९३७ चा जन्म म्हणजे तेव्हा वय सहा ते नऊ. कुंडलच्या बाजूची तुफान सेना पाहिली, दारात कोणी भाकरी मागायला आलं, हे आठवू शकतं. 'चळवळीत भाग घेतला' असं वाक्य नातवंडं लिहितात, म्हातारा नव्हे.

फौजेचं दप्तर सगळ्यांत अवघड, म्हणून त्यावर जास्त वेळ द्या.

पेन्शन नाही म्हणजे पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा हुकूम) नाही, आणि मोठी अडचण अशी की बिनपेन्शनीची सेवाकागदपत्रं रेकॉर्ड ऑफिसमध्ये साधारण २५ वर्षं ठेवून नष्ट करतात. १९७२ च्या आसपास सुटलेल्या माणसाचे कागद तिथे असतीलच असं धरू नका. तरी अर्ज करा. अर्ज आजोबांच्याच सहीने, नातीच्या नव्हे. हयात माणसाची माहिती त्यालाच मिळते. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, फौजेत लागलेलं नाव, भरतीचं ठिकाण आणि सुटल्याचं साल हवं. फौजेतलं नाव घरच्या नावाशी जुळेलच असं नाही, बापाचं नाव गळालेलं असतं किंवा आडनावाचं स्पेलिंग भलतंच असतं. अर्ज कुठे, हे रेजिमेंटवर ठरतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगावला, महारचा सागरला, तोफखान्याचा नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला, सिग्नल्सचा जबलपूरला. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवलेलं असेल तर तिथे कार्डावर निम्मी माहिती मिळते. आधी तिथे जा.

आर्मी नंबर माहीत नसेल तर घरातली काळी लोखंडी ट्रंक बघा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव रंगवलेलं असतं. वर दुसरा रंग दिला असेल तर तिरक्या उजेडात अक्षरांचा उठाव दिसतो. नाहीतर पदकाची कड. आपल्याकडच्या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. भिंगाने वाचा. पितांबरी, चिंच, ब्रासो काहीही लावू नका, घासण्याने सगळ्यात आधी हीच अक्षरं जातात.

पदकं बोलतात, पण ती काय बोलतात ते नीट ऐकायला हवं. १९६५ चं रक्षा पदक त्या काळात सेवेत असलेल्या जवळपास सगळ्यांना मिळालं. प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्याला समर सेवा स्टार. ७१ चंही तसंच: संग्राम पदक सरसकट, पश्चिमेच्या आघाडीला पश्चिमी स्टार, पूर्वेच्या आघाडीला पूर्वी स्टार. घरी 'आजोबा बांगलादेशात लढले' असं सांगत असतील आणि डबीत पश्चिमी स्टार असेल, तर प्रश्न तयार झाला. याचा अर्थ कोणी खोटं बोलतंय असा नाही. ती गोष्ट शेजारच्या खाटेवरच्या जवानाची असू शकते, आणि पन्नास वर्षांत दोन गोष्टी एक होतात. आणखी एक बारकं पदक शोधा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो वर्दीत होता त्याला ते मिळालं. 'लढाई संपल्या संपल्या परत आले' हे वाक्य त्या एका पदकाने बदलतं, आणि मग डिसेंबर ७१ ते ऑगस्ट ७२ या आठ महिन्यांबद्दल विचारता येतं. त्या आठ महिन्यांबद्दल बहुतेक घरांत कधीच कोणी विचारलेलं नसतं.

पत्रं असतील तर पत्त्यावरून जागा कळायची नाही. 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (फौजेचं टपाल कार्यालय) एवढंच असतं. ढोबळमानाने ९९ म्हणजे पूर्वेकडचा मुलूख आणि ५६ म्हणजे उत्तर-पश्चिम. तारखेसाठी पत्राची मागची बाजू बघा. आपल्या टपाल कचेरीचा पोचल्याचा शिक्का तिथे असतो, आणि आतल्या तारखेत व शिक्क्यात किती दिवसांचं अंतर आहे यावरून पलटण किती आडबाजूला होती याचा अंदाज येतो.

तुमच्या आजोबांच्या बाबतीत एक शक्यता जरूर तपासा. आधीच प्रशिक्षित शिक्षक असलेला माणूस फौजेत गेला, तर तो आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये शिक्षण हवालदार असू शकतो. या कोअरचं केंद्र पचमढीला. आजोबांच्या बोलण्यात पचमढी येतं का पाहा, किंवा जवानांना 'थर्ड क्लास, सेकंड क्लास' परीक्षांना बसवल्याचं येतं का. त्या आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनच्या पायऱ्या होत्या, नकाशावाचनही असे. तसं असेल तर पुस्तकाचा सगळा ढाचाच बदलतो. मग मधली वर्षं म्हणजे मास्तरकीतला खंड नव्हे, मास्तरकीच, फक्त विद्यार्थी बुटातले.

वर्दीतला फोटो दिसला की लगेच 'सैन्यात असताना' असं खाली लिहू नका. एन.सी.सी. १९४८ पासून आहे, १९६३ मध्ये कॉलेजांत ती सक्तीची झाली, आणि माध्यमिक शाळांतले कितीतरी शिक्षक एन.सी.सी. अधिकारी म्हणून वर्दी घालत. शाळांत ए.सी.सी. (ऑक्झिलरी कॅडेट कोअर) होती, शिवाय होमगार्ड. खांद्यावरची अक्षरं आणि टोपीवरचा बिल्ला भिंगाखाली बघा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यात बिगुल असतं. पुढाऱ्यासोबतचा फोटो असेल तर पाठीमागचा फलक वाचा. यशवंतराव चव्हाण 'मुख्यमंत्री' असतील तर फोटो १९५६ ते ६२ चा, 'संरक्षणमंत्री' असतील तर नोव्हेंबर १९६२ ते ६६ मधला, 'गृहमंत्री' असतील तर ६६ ते ७०. सातारा-सांगलीत यशवंतरावांसोबतचा फोटो घरटी एक सापडतो, त्यामुळे ही कसोटी रोज उपयोगी पडते.

शाळेचं दप्तर त्या मानाने सरळ. सेवापुस्तक पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असतं, त्याची दुय्यम प्रत पुष्कळ गुरुजी घरी जपतात. बदल्यांच्या नोंदी, वेतनवाढी, रजा आणि खंड सगळं तिथे. फौजेतली वर्षं कशी नोंदली आहेत ते बघा: राजीनामा, बिनपगारी रजा, की 'खंड क्षमापित' (मधला खंड माफ केलेला). परत आल्यावर पगार कुठून धरला याचं उत्तर तिथेच असतं, आणि त्यावरून झालेला पत्रव्यवहार सापडला तर सोनंच. १ मे १९६२ च्या आधी नोकरी जिल्हा स्कूल बोर्डाची, नंतर जिल्हा परिषदेची. आजोबा परत आले ते वेगळ्या मालकाकडे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

पण सेवापुस्तकात माणूस दिसत नाही. तो दिसतो शाळेच्या जुन्या वह्यांत. जिथे जिथे बदली झाली त्या प्रत्येक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तीन गोष्टी मागा. पहिली जनरल रजिस्टर. ते कायम जपायचं असतं, आणि एकशिक्षकी शाळा असेल तर त्या वर्षांची सगळी नोंद आजोबांच्या हातची निघेल. दुसरी चार्ज यादी. बदलीच्या दिवशी बाकं किती, नकाशे किती, घंटा आहे की नाही, तराजूला पारडी दोन्ही आहेत का, हे लिहून सही करून द्यावं लागे. त्या यादीतून शाळा डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तारीखही पक्की मिळते. तिसरं शेरेबुक. तपासणीला दिपोटी (शाळा तपासणारे डेप्युटी साहेब) आले की शेरा लिहून जात: गणित कच्चं, पाढे चांगले, बाग नाही. शेरा वाईट असेल तरी छापा. किंबहुना तोच छापा.

प्रशिक्षण कुठे झालं तेही विचारा. साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेचं ट्रेनिंग कॉलेज १९३५ पासून होतं आणि तालुक्याच्या खेड्यांतली बरीच मुलं तिथून मास्तर झाली. वसतिगृहातली कामाची पाळी, स्वयंपाक, शेत, हे आठवणीत पक्कं असतं. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील ९ मे १९५९ ला गेले, तेव्हा आजोबा नोकरीत होते. ती बातमी कुठे कळली, हा चांगला प्रश्न आहे.

सरपंचपदाची माहिती मिळवणं सोपं, पण तिचा अर्थ लावताना भल्याभल्यांची फसगत होते. मासिक सभेचं प्रोसिडिंग आणि ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामपंचायतीत पाहायला मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकाच विषयाची मागणी, मजकूर १५० शब्दांच्या आत, नकलेला पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. 'पाच वर्षांची सगळी माहिती द्या' असं लिहिलंत तर अर्ज फिरून येईल. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या मासिक सभांचं इतिवृत्त' असं लिहा.

इतिवृत्त हाती आलं की ठरावाच्या मजकुराआधी सूचक आणि अनुमोदक वाचा. गावचं राजकारण त्या दोन नावांत असतं. पहिल्या वर्षी कायम अनुमोदन देणारा सदस्य तिसऱ्या वर्षी दिसेनासा झाला, तर मध्ये काही घडलंय. ठराव झाला म्हणजे काम झालं असंही नाही. पाण्याच्या टाकीचा ठराव तीन-तीनदा होतो. कामाचा पुरावा मोजमाप पुस्तकात आणि पूर्णत्वाच्या दाखल्यात. आणि श्रेय वाटताना सालं तपासा. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं. सरपंचपद १९९५ ते २००० असेल, तर अभियानातलं बक्षीस आजोबांच्या कारकिर्दीतलं नव्हे, मग गावात कोणी काहीही सांगो. ती गोष्ट पुस्तकात चुकीची गेली तर पुढच्या सरपंचाच्या घरचे बाकीची पानंही खोटी ठरवतील.

एवढं जमल्यावर रेकॉर्डिंगला बसा. सकाळी, न्याहारी आणि गोळ्या झाल्यावर, चाळीस मिनिटं, त्यापुढे नाही. दुपारी आणि दिवे लागल्यावर विसराळू माणसाचा गोंधळ वाढतो. पंखा बंद, स्वयंपाकघराचं दार बंद (कुकरची शिट्टी हमखास मोक्याच्या शब्दावर येते), मोबाइल विमान मोडवर आणि घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बसलेल्यांची नावं मोठ्याने बोला. एका बैठकीला एकच वस्तू समोर ठेवा: ट्रंक, नाहीतर एक फोटो, नाहीतर चार्ज यादीची नक्कल. हातात वस्तू असली की बोलणं आपोआप सुटतं. नातेवाईक दोनच, आणि त्यांतला एकही 'अहो तसं नव्हतं' म्हणणारा नको. चूक सांगितली तर तिथे दुरुस्त करू नका, वहीत उजवीकडे लिहा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने विचारा.

'किती शत्रू मारले' हा प्रश्न लहान मुलांनाही विचारू देऊ नका. बूट, जेवण, थंडी, पत्र लिहून देणं, शेजारच्या खाटेवर कोण, सुटीवर येताना कोणत्या स्टेशनात उतरलात आणि तिथून गावापर्यंत कसे आलात, हे विचारा. लढाईचं सांगायचं असेल तर त्यातूनच निघतं. नसेल सांगायचं तर तो त्यांचा हक्क.

आजी असतील तर त्यांच्या वेगळ्या बैठका, आजोबा घरात नसताना. नवरा फौजेत असताना शेत कोणी पाहिलं, मनीऑर्डर किती यायची, तिच्यातून सासऱ्यांच्या हाती किती गेले, हा हिशोब फक्त त्यांच्याकडे आहे.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात. आवाजावरून टाइप करणारी सोय निम्मं काम करते, पण माणदेशी बोली आणि फौजी हिंदी आली की ती वाटेल ते लिहिते. तिथे कान लावूनच उतरवा. 'म्हन्लं', 'व्हतं' सरसकट शुद्ध करू नका, आणि सरसकट ठेवूही नका. मास्तर स्वतः वर्गात प्रमाण बोलत आणि पारावर गावचं. दोन्ही त्यांचंच.

जुने फोटो अल्बममधून उचकटू नका, पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. डिस्चार्ज बुक असेल तर लॅमिनेट करू नका, फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावात.

छपाईचं फार काही नाही. डेमी आकार, पानं सोळाच्या पटीत (८० किंवा ९६ पुरतात), मजकूर युनिकोडमध्ये. डीटीपीवाला तो जुन्या फाँटमध्ये बदलून घेतो, तेव्हा जोडाक्षरं मोडतात, त्यामुळे बदलल्यानंतरचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. शेवटचं प्रूफ आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा, पण मजकुरासाठी नव्हे, नावांसाठी. माणसांची, गावांची, वर्गातल्या मुलांची नावं त्यांना अजून बरोबर सांगता येतील. ते एखादी गोष्ट नाकारतील तर ती काढायची, कागदात असली तरी.

आणि जनरल रजिस्टरचं पान फोटो म्हणून छापणार असाल, तर आजोबांच्या अक्षरासोबत बाकीच्या मुलांचे जातीचे आणि जन्मतारखेचे रकानेही येतात. ती मुलं आज साठीत आहेत आणि त्याच गावात राहतात. ते रकाने झाकूनच पान छापखान्यात पाठवा.